सोलर प्लेट बिघडली आहे का? घरच्या सोलरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात मी गच्चीवरच्या सोलरची दुरुस्ती करतो. फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "प्लेट गेली वाटतं." वर जाऊन बघावं तर प्लेट बहुतेक वेळा ठणठणीत असते आणि दोष खाली कुठेतरी सापडतो. म्हणून या पानावरचे प्रश्नही खालून वर लावले आहेत. आधी मीटर आणि इन्व्हर्टर (प्लेटची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारा डबा), मग वायर, आणि प्लेट सगळ्यात शेवटी.

मोबाइलवरच्या ॲपमध्ये आज शून्य युनिट दिसतायत. सिस्टीम बंद पडली का?

आधी जिना चढून इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर बघा. तिथे आजचे युनिट वाढत असतील, तर वीज तयार होते आहे, फक्त बातमी मोबाइलपर्यंत पोचत नाही. घरातला राउटर बदलला, पासवर्ड बदलला किंवा इंटरनेटचं रिचार्ज संपलं की हे होतंच. इन्व्हर्टरला खोचलेली वायफायची कांडी बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालते. नव्या राउटरने ५ गिगाहर्ट्झ एवढंच चालू ठेवलं असेल, तर तिला नेटवर्क सापडत नाही.

इन्व्हर्टरची स्क्रीनच काळी असेल तर गोष्ट वेगळी. दिवसाउजेडी स्क्रीन काळी म्हणजे वरून, प्लेटांकडून, डीसी येत नाही. डीसीचा स्विच कोणी बंद केला आहे का, डीसी बॉक्समधला फ्यूज उडाला आहे का, हे बघायला लावा. मागच्या आठवड्यात विजा कडाडल्या असतील, तर त्याच बॉक्समधल्या सर्ज प्रोटेक्टरची, म्हणजे विजेचा झटका स्वतःवर घेणाऱ्या भागाची, छोटी खिडकी बघा. हिरवी असेल तर ठीक. लाल झाली असेल तर त्याने स्वतःचा जीव देऊन तुमचा इन्व्हर्टर वाचवला आहे, आता तो बदलायचा.

लाइट गेली की सोलरही बंद होतं. हा दोष आहे का?

नाही. बॅटरी नसलेली, महावितरणच्या लाइनला जोडलेली सिस्टीम लाइट गेल्याबरोबर बंद झालीच पाहिजे. तशी ती झाली नाही, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात तुमच्या गच्चीवरची वीज जाईल. विकताना हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून लोकांना फसवल्यासारखं वाटतं. लाइट आल्यावरही इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही, काही मिनिटं लाइन तपासून मग जोडतो. तेवढा धीर धरा.

किती युनिट आले म्हणजे बरोबर, आणि किती कमी म्हणजे खरंच कमी?

आपल्याकडे १ किलोवॉटमागे वर्षभराची सरासरी दिवसाला साधारण ४ युनिट धरतात. म्हणजे ३ किलोवॉटला १२. पण ही सरासरी आहे, रोजचा रतीब नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये तीच सिस्टीम १४च्या आसपास जाते. आषाढात आभाळ भरून आलं की ५-६वर येते, झड लागली तर २-३. जुलैत "प्लेट बिघडली" म्हणून येणाऱ्या फोनांना माझं उत्तर एकच असतं, ऊन पडू द्या, मग बघू.

दुसरा गैरसमज उलटा आहे. मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक, मग वीजही सगळ्यात जास्त हवी, असं लोकांना वाटतं. प्लेटला उजेड हवा असतो, उष्णता नको. तिच्यावर लिहिलेले वॉट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मेच्या दुपारी प्लेट स्वतः ६०-६५ अंशांवर तापते, आणि दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के वीज घटते. हिशोब केला तर १४ टक्के तिथेच गेले. ५४० वॉटची प्लेट तेव्हा ४६० देत असेल, तर ती आपलं काम चोख करते आहे.

म्हणून तुलना कालच्या दिवसाशी करू नका, गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करा. त्याहून चांगलं म्हणजे शेजारच्या गच्चीशी. त्याच आळीत, त्याच दिवशी, दर किलोवॉटमागे त्यांचे ४ युनिट आणि तुमचे ३ असतील, तर शोध सुरू करायला कारण आहे. सिस्टीम बसली त्या दिवसापासून वहीत रोजचा आकडा लिहिणारे एक निवृत्त गुरुजी माझे ग्राहक आहेत. त्यांच्याकडचा बिघाड मला फोनवरच कळतो.

इन्व्हर्टर १२ युनिट दाखवतो, बिलात मात्र ७च जमा होतात. ५ कुठे गेले?

तुमच्या घरात. दिवसा फ्रिज, पंखे, मोटर चालते, ती वीज मीटरपर्यंत जातच नाही, थेट वापरली जाते. उरते तेवढीच बाहेर जाते आणि एक्स्पोर्ट म्हणून नोंदली जाते. घरात सुट्टीला पाहुणे आले की एक्स्पोर्ट घटतो, त्यात प्लेटचा काय दोष?

भर दुपारी इन्व्हर्टर सारखा बंद-चालू होतो. प्लेट गरम होऊन बंद पडते का?

प्लेट गरम होऊन बंद पडत नाही. अशा वेळी स्क्रीनवर काय लिहून येतं त्याचा फोटो काढून ठेवा. बहुधा लाइनचं व्होल्टेज जास्त असल्याचा संदेश असतो. दुपारी आळीतली सगळी सोलरं एकदम वीज बाहेर ढकलतात, वापर कमी असतो, आणि २३० व्होल्टची लाइन २५०च्या पुढे चढते. ठरलेली मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर आपणहून बाजूला होतो.

मग वायरमनला दोन ठिकाणी व्होल्टेज मोजायला सांगा, एकदा इन्व्हर्टरच्या एसी टोकांवर आणि लगेच मीटरपाशी, तेही सिस्टीम जोरात चालू असताना. दोन्हींत ५-६ व्होल्टचा फरक निघाला, तर मधली वायर बारीक आहे किंवा एखादा सांधा सैल आहे. ते काम ज्याने सिस्टीम बसवली त्याचं. मीटरपाशीच व्होल्टेज चढलेलं असेल, तर ट्रान्सफॉर्मरची टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलण्याचा किंवा फेजवरचा भार वाटण्याचा प्रश्न आहे. त्यासाठी महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. इन्व्हर्टरची मर्यादा सेटिंगमध्ये वाढवून देतो म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, घरातले टीव्ही-फ्रिज तेच चढलेलं व्होल्टेज खात असतात.

पावसाळ्यात सकाळी लाल दिवा लागतो, आयसोलेशनचा दोष दाखवतो, आणि दहा-अकरानंतर आपोआप बरं होतं. दुर्लक्ष करू का?

करू नका. रोज सकाळी सुरू होण्याआधी इन्व्हर्टर एक परीक्षा घेतो: वरच्या वायरीतून जमिनीकडे वीज गळते आहे का? कुठेतरी वायरीचं आवरण सोललेलं असतं किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. सकाळी ओल असते तेव्हा गळती होते, उन्हाने वाळलं की थांबते. म्हणजे दोष बरा होत नाही, लपतो. त्या काळात लोखंडी सांगाड्याला हात लागला तर झटका बसू शकतो.

वायर खारीने किंवा उंदराने कुरतडलेली असते. पत्र्याच्या धारेवर घासून कापली गेलेली असते. नाहीतर बसवणाऱ्याने कनेक्टर तसेच स्लॅबवर लोळत ठेवलेले असतात आणि ते पावसाच्या पाण्यात बुडतात. हा शेवटचा प्रकार मी सगळ्यात जास्त वेळा पाहिला आहे. दहा रुपयांच्या क्लिपा वाचवल्याचा हा परिणाम. एक सूचना मात्र पाळा, हा दोष ओल असतानाच सापडतो. तंत्रज्ञाला दुपारी तीनला बोलावलं, तर तो "काही नाही" म्हणून निघून जाईल.

उन्हाळ्यात सगळं ठीक होतं, डिसेंबरात युनिट पडले. प्लेट वर्षभरात खराब होते का?

सकाळी ९ वाजता गच्चीवर जाऊन उभे राहा. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तोच दक्षिणेला इतका कलतो, की भर दुपारीही क्षितिजापासून ४८-४९ अंशांवरच राहतो. शेजारच्या टाकीची उन्हाळ्यात न दिसलेली सावली मार्गशीर्षात तुमच्या प्लेटवर येते. दुपारी ती टाकीच्या उंचीएवढी असते, सकाळी ९ला दुपटीहून लांब.

सावली छोटी दिसली तरी नुकसान छोटं नसतं. प्लेटा एकामागे एक माळेत ओवलेल्या असतात आणि सगळ्यांतून एकच करंट वाहतो. एका कोपऱ्यावर नारळाची झावळी किंवा डिश टीव्हीची छत्री आडवी आली, की त्या प्लेटचा तिसरा हिस्सा, कधी सगळी प्लेट बाजूला पडते. केबलच्या वायरी प्लेटवरून नेणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

धूळ किती नुकसान करते? धुवायचं कसं?

ते तुमच्या गावावर आहे. कारखान्याच्या गळीत हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, आमच्याकडे काळी राख पडते आणि पंधरा दिवसांत प्लेटा मळकट होतात. वीटभट्टीजवळ, कच्च्या रस्त्याकडेला तेच. कोकणात पावसानंतर खालच्या चौकटीपाशी हिरवं शेवाळ धरतं. सारखी पसरलेली धूळ त्यातल्या त्यात बरी, सगळ्या प्लेटा मिळून थोड्या मंदावतात. कबुतराची विष्ठा वाईट. ती जिथे चिकटते तो सेल, म्हणजे प्लेटमधला वीज बनवणारा छोटा चौकोन, तापतो आणि तिथे कायमचा डाग पडतो.

धुणं सूर्योदयाच्या सुमारास किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतलं तर काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी वापरलं तर शेवटी कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या, नाहीतर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो धुळीपेक्षा चिवट असतो. साबण, निरमा, काथ्या, तारेची घासणी काही नको. लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि पाणी पुरतं. प्लेटवर पाय देऊन उभं राहणं म्हणजे आतले सेल आपल्या वजनाने मोडणं. वरून काच साबूत दिसते, आत बारीक चिरा जातात.

बरं, वरचं सगळं तपासलं. आता नेमकी कोणती प्लेट खराब आहे हे कसं शोधायचं?

आधी धोका समजून घ्या. ५४० वॉटच्या एका प्लेटचं मोकळं, म्हणजे काहीही न जोडता मोजलेलं, व्होल्टेज ४९-५० असतं. सहा माळेत लावल्या की जवळजवळ ३०० व्होल्ट, आणि तेही डीसी. डीसीची ठिणगी पडली की एसीसारखी विझत नाही, ताणली जाते आणि जाळते. ऊन असेपर्यंत प्लेट बंद करता येत नाही. तेव्हा वीज वाहत असताना कनेक्टर ओढायचा नाही, कधीच नाही. आधी एसी बंद, मग डीसी स्विच बंद, आणि कनेक्टर उघडण्याचं काम जाणत्या माणसाचं.

वायरीला हात न लावता घरच्या घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. मी तिला गोधडीची चाचणी म्हणतो. ढग नसलेल्या दिवशी बारा-साडेबाराला एकाने इन्व्हर्टरपाशी उभं राहायचं. स्क्रीनवर डीसी व्होल्टेज आणि वॉट दिसतात, ते लिहून घ्यायचे. दुसऱ्याने जमिनीवर उभं राहून, प्लेटवर न चढता, एक प्लेट जाड गोधडीने पूर्ण झाकायची. दोन मिनिटं थांबून आकडे पुन्हा बघायचे. चांगली प्लेट झाकली की माळेचं व्होल्टेज एका प्लेटपुरतं, म्हणजे ३७-४० व्होल्टने उतरतं आणि वॉटही घसरतात. गोधडी काढून पुढची प्लेट. असं करत जाता जाता एका प्लेटला झाकलं तरी आकडे हलले नाहीत, किंवा इतरांच्या मानाने अगदी थोडे हलले, तर ती प्लेट आधीपासूनच काम करत नव्हती. चोर सापडला. जिथे हात पोचत नाही, पत्रा उतरता आहे, तिथे हा उद्योग करू नका. आणि प्रत्येक प्लेटला वेगळा मायक्रो-इन्व्हर्टर असेल तर याची गरजच नाही, ॲप प्रत्येक प्लेटचे आकडे वेगळे दाखवतो.

पुढचं काम तंत्रज्ञाचं. तो माळ सोडवून प्रत्येक प्लेटचं मोकळं व्होल्टेज मोजेल. तापलेल्या प्लेटवर ते ४४-४५ भरेल. सगळ्या प्लेटा एक-दोन व्होल्टच्या अंतरात हव्यात. एखादीच ३० दाखवत असेल, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा गायब असेल, तर मागच्या डबीतल्या तीन बायपास डायोडपैकी (सावलीतला हिस्सा वगळून करंट पुढे नेणाऱ्या भागांपैकी) एक शॉर्ट झाला आहे. वीज पडल्यानंतर हे पुष्कळदा दिसतं. डबी उघडणारी असेल तर डायोड बदलून प्लेट वाचते. हल्लीच्या बऱ्याच डब्या आतून मसाला भरून बंद केलेल्या असतात, तिथे वॉरंटीच बघावी लागते.

"व्होल्टेज पूर्ण येतंय, म्हणजे प्लेट चांगली" हे मात्र खरं नाही. व्होल्टेज ढगाळ उजेडातही जवळजवळ पूर्ण येतं, सेल चिरलेले असले तरी येतं. खरी गोष्ट करंट सांगतो. तो डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने बघावा लागतो. बाजारातला साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो. साध्या मल्टिमीटरची मर्यादा १० अँपिअर असते आणि मोठ्या प्लेटचा शॉर्ट करंट (दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा) १३च्या पुढे जातो, तेव्हा मीटरचा फ्यूज उडतो. माझा पहिला मीटर मी असाच घालवला. तंत्रज्ञाकडे थर्मल कॅमेरा असेल तर काम सोपं, तापलेला सेल किंवा जळू लागलेला कनेक्टर लगेच उजळ दिसतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवलेले असतील, तर आधी तिथेच बघायचं. दिसायला बसतात, पण आतून नीट धरत नाहीत आणि वितळतात.

गारपिटीत एका प्लेटची काच तडकली. वीज तर येते आहे. चालू ठेवू?

बंद करा. काचेची जाळी झाली तरी सेल काही दिवस चालतात हे खरं, पण पहिल्या पावसात आत पाणी जातं, गळती सुरू होते आणि चौकटीत वीज उतरू शकते. तंत्रज्ञ ती प्लेट माळेतून काढून दोन्ही बाजू जोडून देऊ शकतो. उरलेल्या प्लेटांचं व्होल्टेज इन्व्हर्टर सुरू व्हायला पुरत असेल, तर बाकी सिस्टीम चालू राहते. पारदर्शक टेप आणि एम-सील लावून चालवलेल्या प्लेटा मी पाहिल्या आहेत. त्या घरांत मी सांगाड्याला हात लावत नाही.

प्लेटवर गोगलगाय फिरल्यासारख्या रेषा आल्या आहेत, एका ठिकाणी पिवळट पडलं आहे.

त्या रेषा बहुधा सेलमधल्या बारीक चिरांवर उमटतात. युनिट ठीक असतील तर फोटो काढून ठेवा आणि सोडून द्या. पिवळट रंग सारखा असेल तर तेही वयाचं लक्षण. पण तपकिरी जळका डाग, फुगलेला किंवा फुटलेला मागचा पांढरा पडदा, काचेखाली आलेला बुडबुडा, यांपैकी काही दिसलं तर वाट बघू नका.

आमच्या मळ्यातल्या घरी बॅटरीवरची छोटी सिस्टीम आहे. रात्री दोन तासांत अंधार होतो. प्लेट बदलू?

आधी बॅटरी बघा. ३-४ वर्षं झालेली, नळाचं पाणी घातलेली बॅटरी असेल तर प्लेटला दोष देण्यात अर्थ नाही. रात्रभर काही न जोडता ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी सकाळी १२.७च्या आसपास हवी. ११.५ दाखवत असेल तर ती रिकामी आहे. दुपारी चार्ज कंट्रोलरकडे (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्याकडे) येणारी प्लेटची वायर सोडवून मोजा: १२ व्होल्टसाठीची प्लेट उन्हात २० व्होल्टच्या आसपास दाखवते. ते येत असेल तर वायर तुटलेली नाही एवढं नक्की. सोडवताना आधी प्लेट, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. हा क्रम उलटा केला तर कंट्रोलर जळू शकतो.

वॉरंटी २५ वर्षांची आहे ना? मग फुकट बदलून मिळेल?

कागद नीट वाचा, त्यात दोन वॉरंट्या असतात. बनावटीतल्या दोषाची बहुधा १० किंवा १२ वर्षांची. आणि २५ वर्षांची जी, ती वीजनिर्मिती ठरावीक रेषेखाली जाणार नाही एवढीच, म्हणजे २५व्या वर्षी साधारण ८० टक्के. दुसरी सिद्ध करायला प्लेट प्रयोगशाळेत मोजावी लागते, घरगुती माणसाला ते जड जातं. गारा, माकडं, वीज, वादळ, वर चढलेला माणूस, यांनी झालेलं नुकसान दोन्हींपैकी कोणत्याच वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी घराच्या विम्यात सोलरचा उल्लेख करून घ्या.

पीएम सूर्यघर योजनेतून बसवली असेल तर ५ वर्षं देखभालीची जबाबदारी बसवणाऱ्यावर आहे. त्याला फोन करत बसू नका, लेखी कळवा. सोबत प्लेटच्या मागच्या लेबलवरचा अनुक्रमांक, दोषाचा फोटो, इन्व्हर्टरच्या स्क्रीनचा फोटो आणि महिन्याचे आकडे जोडा. उत्तर आलं नाही तर योजनेच्या पोर्टलवर तक्रार करता येते. लेबल उन्हाने पुसट होतं, म्हणून बसवताना प्रत्येक प्लेटच्या लेबलचा फोटो काढून घ्यावा. हे मी सांगतो आणि लोक माना डोलावतात.

एकच प्लेट बदलता येते का? आता ३३० वॉटची मिळतच नाही.

येते, पण माळेत करंट सर्वांचा सारखा असतो. ३३० वॉटच्या जुन्या प्लेटा ९ अँपिअरच्या आत चालतात, नवी १३ची असली तरी माळेत ९च देईल. नुकसान तुमच्या पैशांचं, सिस्टीमचं नाही. उलटं, नवी प्लेट कमी करंटची घेतली तर ती बाकी सगळ्यांना खाली ओढेल. जुन्या वॉटची वापरलेली प्लेट मिळत असेल तर मोजून घ्या. अनुदानातल्या सिस्टीमला देशी सेलची प्लेट लागते, म्हणून तिथे आधी बसवणाऱ्याला विचारा.

काढलेली प्लेट भंगारवाल्याला देऊ का?

तो ॲल्युमिनियमची चौकट आणि तांब्याची वायर घेईल, बाकीचं ओढ्यात टाकेल. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सोलर प्लेटही येतात, त्या नोंदणीकृत उत्पादकाकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हव्यात. बदलून देणारा जुनी घेऊन जाणार का, हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या. आणि नेईपर्यंत ती गोठ्याच्या छपरावर टाकायची असेल तर काच खाली करून ठेवा, दोन्ही कनेक्टरांना टोप्या लावा. उजेड पडला की तिच्यात अजूनही वीज असते, आणि पोरं हात लावतातच.